पाणी येण्याच्या दिवशी

नर्मदेचं पाणी आमच्या गल्लीत एक दिवसाआड यायचं,
म्हणून रंगही एक दिवसाआड.
बोअरिंगच्या पाण्यात काळासुद्धा उदास होतो, बाबा म्हणायचे,
आणि नळाखाली पहिली कळशी लागली की
मारोठिया बाजारातून आणलेली पुडी
दातांनी फाडायचे.

मिल बंद होऊन तिसरं वर्ष.
रंगखात्यातला माणूस न्हाणीघरात मावत नव्हता,
कोपर भिंतीला लागे.
तिथे हजार लिटरची कुंडं, इथे
आत्याच्या लग्नातलं पितळी पातेलं,
ज्यात आई पुन्हा कधी भात शिजवणार नव्हती.
ढवळायला क्रिकेटचा स्टंप, भावाचा.

गल्लीतून कपडे येत.
चौकसे भाभींची विटलेली चुन्नी,
कुणाच्या चादरी, सोफ्याची कव्हरं,
एकदा पाटनीपुऱ्याच्या बँडवाल्यांचे अकरा कोट.
ते बाबांनी बोटांत चुरून परत केले.
टेरिकॉट. याचं पोट भरलेलं असतं,
रंग भुकेल्या सुताला लागतो.
बँडवाला म्हणाला, भिया, कोशिश तो करो.
बाबांनी शिवणीतला एक धागा ओढला, काडी लावली,
वितळून मण्यासारखं झालेलं काळं टोक
त्याच्या तळहातावर ठेवलं.

दिवाळीच्या आधी ट्रंकेतून
मिलचे चार खाकी शर्ट निघाले.
आईला पडदे हवे होते, निळे.
खाकीवर निळा टाकला की हिरवट येणार,
आधी काय होतं तेही मोजून धरावं लागतं, बाबा म्हणाले.
येऊ दे हिरवट, आई म्हणाली,
रस्त्यावरून आतलं दिसायला नको, बस्स.

बाह्या उसवल्या. कॉलरी उसवल्या.
खिसे निघाले तिथे खाकी अजून नवीकोरी होती,
दुकानात असते तशी.
खडे मीठ दोन मुठी, मग अजून अर्धी;
वजनकाटा त्यांच्या हातातच होता.
थांबलं की डाग पडतो, म्हणून पाऊण तास ढवळणं,
आणि नेमके तेव्हाच दाराशी गेंदालालजी,
कोर्टाच्या तारखेचं सांगायला.
बाबा आतूनच म्हणाले, बोलो, सुन रहा हूँ.
तारीख पुढे गेली होती.
स्टंप फिरत राहिला.

वाळत घातल्यावर दिसलं.
खिशांच्या जागी हिरवा जास्त गडद,
आणि प्रत्येक डाव्या चौकोनाच्या वर
४१७.
खाकीवर खाकीच दोऱ्याने भरलेला आकडा,
एकवीस वर्षं टाइमकीपर सोडून
कुणाच्या डोळ्यांत भरला नव्हता.
दोरा टेरिकॉटचा.

आई सुई घेऊन बसली.
राहू दे, बाबा म्हणाले.
खिडकीत? सगळ्या गल्लीला?
त्यावर ते काही बोलले नाहीत,
पातेलं घासत राहिले, राखेने, मग चिंचेने,
मग नुसत्याच हाताने.

रात्री मी पाणी प्यायला उठले
तर बल्बखाली तेच उसवत बसले होते,
चष्मा कपाळावर, कापड नाकाशी.
दोरे फेकत नव्हते.
मांडीवर गोळा करत होते, आणि नखं हिरवी,
ती पुढे संक्रांतीपर्यंत हिरवीच राहिली.
मला बघून म्हणाले, झोप,
उद्या पाणी नाही.

पडदे लागले.
दुपारी ऊन समोरून आलं की
सुईच्या भोकांचे बारीक ठिपके चमकत;
चार विरला, एक तर धड कधी दिसलाच नाही,
सात तेवढा वाचता येई,
तोही शोधणाऱ्याला.

परवा पाणी आलं.
चौकसे भाभी तीच चुन्नी घेऊन दारात,
भाईसाब, इस बार जामुनी.
बाबांनी उजेडात धरून बघितली,
आधी कुठला होता, विचारलं.